टिपेसह मंजूर

सत्तावीस वर्षं मी दोह्यात दुसऱ्यांच्या निर्णयांवर तारखेचे शिक्के मारले. बांधकाम कंपनीत नकाशे आणि पत्रं सांभाळण्याचं माझं काम. कागदावर हुद्दा डॉक्युमेंट कंट्रोलर, प्रत्यक्षात कारकून. कंत्राटदाराचा नकाशा आला की नोंद करायची, सल्लागाराकडे पाठवायचा, आणि परत आला की त्यावर कोणता शेरा पडलाय ते रजिस्टरात उतरवायचं. शेरे चारच. ए म्हणजे मंजूर, बी म्हणजे टिपेसह मंजूर, सी म्हणजे सुधारून पुन्हा आणा, डी म्हणजे नामंजूर. हजारो नकाशे माझ्या हाताखालून गेले, पण एकावरही मी स्वतः शेरा मारला नाही. ते माझं काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यातच मला सुख होतं.

घरीही तेच. पडद्यांचा रंग बायकोने, पुष्पावतीने, ठरवला, मुलाचं कॉलेज मुलाने ठरवलं. आमटीत मीठ कमी आहे का असं तिने विचारलं तर मी म्हणतो, "तुका कसा वाटता?" लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण या प्रश्नाचं सरळ उत्तर तिला कधी मिळालेलं नाही.

मी ठरवायची अशी एकच गोष्ट शिल्लक होती. बर्फ.

सौदीच्या वायव्य टोकाला तबुक नावाचं शहर आहे. त्याच्या पलीकडे जबल अल-लौझ, म्हणजे बदामाचा डोंगर. हिवाळ्यात दोन-चार दिवस तिथे बर्फ पडतो. दर जानेवारीत त्याचे व्हिडिओ फिरतात: पांढऱ्या उतारावर उंट, पायघोळ थोब घातलेली माणसं एकमेकांवर बर्फ फेकताहेत. पुष्पावती वेंगुर्ल्याची, समुद्र बघत वाढलेली आणि माझ्यामागून थेट वाळूत आलेली. बर्फ तिने पाहिला तो फ्रीजरमध्ये आणि मासेवालीच्या पाटीत. पाच वर्षांपूर्वी ती म्हणाली, "ह्या बघूक आपल्या गाडीन जावया." मी हो म्हणालो.

पहिल्या वर्षी व्हिसाचं जमलं नाही. दुसऱ्या वर्षी तिची आई आजारी होती. तिसऱ्या वर्षी मी घाटात गाडी कशी चालवावी यावर एक पुस्तक मागवलं. ते वाचून होईपर्यंत फेब्रुवारी उजाडला. चौथ्या वर्षी मी टायरांवर वाचायला लागलो.

"तुमी वाचीत रवा," ती तेव्हा म्हणाली होती. "बर्फ तुमच्यासाठी थांबतलो."

यंदा थांबायला वाव नव्हता. एकतीस जानेवारीला माझी नोकरी संपत होती. त्यासोबत रेसिडेन्स परमिटही. गाडी विकायची, मदिनत खलीफातला फ्लॅट रिकामा करायचा आणि कुडाळला परत जायचं. खलास. मी उरलेली रजा टाकली, दोघांचा सौदी व्हिसा काढला. गुरुवार-शुक्रवारी डोंगरावर बर्फ पडेल असा अंदाज होता. मंगळवारी निघायला हवं होतं. गाडीचे चारही टायर मात्र झिजून गुळगुळीत झाले होते, ते बदलल्याशिवाय सीमा ओलांडण्यात अर्थ नव्हता.

आधीच्या शुक्रवारी कुणाल जेवायला आला. आमच्याच कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर, वय तीस, नाशिकचा. दर शुक्रवारी पुष्पावतीच्या हातची सोलकढी प्यायला येतो. त्या दिवशी आला तो गाडीत चार टायर घालूनच.

"काका, खाली चला. तुमचं काम झालं."

आम्ही दोघं खाली गेलो. टायर खोल खाचांचे, काळेकुळकुळीत होते. बाजूवर डोंगराचं चित्र आणि त्यात हिमकण, म्हणजे बर्फासाठी पास झाल्याची खूण.

"विंटर टायर," कुणाल म्हणाला. "ओरिजिनल. माझा कॅनडाचा बॉस आठवतो? तो इथे आला तेव्हा मूव्हर्सनी त्याचं गॅरेज जसंच्या तसं कंटेनरमध्ये भरलं. बर्फ उपसायचं फावडंसुद्धा आलं! टायर तेव्हापासून अल गराफाच्या व्हिलात, एसी स्टोअररूममध्ये. आता तो परत गेला, जाताना मला म्हणाला घेऊन जा. माप बघा, तुमच्याच गाडीचं."

मी वाकलो आणि आधी तारीख शोधली. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. साडेचार वर्षं झाली होती. सावलीत ठेवलेले, फारसे न वापरलेले. चालण्यासारखे होते. मला थोडं वाईटच वाटलं. जुने निघाले असते तर तारखेवर नापास करता आलं असतं. तारीख बघून काय ठरवायचं ते मला येतं. इथे तारीख ठीक होती, म्हणजे पुढचं मलाच ठरवायचं होतं.

मी खाचेजवळ रबरावर नख दाबलं. ते सहज रुतलं. दुपारचे चोवीस अंश होते.

"मऊ आहे," मी म्हणालो.

"मऊच असतं काका. थंडीत कडक होऊ नये म्हणून."

"हो. सात अंशांच्या खाली उत्तम. पण त्याच्या वर ते लवकर झिजतं. ओल्या, उबदार रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं असं वाचलंय." मी घशातल्या घशात बोलत होतो. "आम्ही जाऊन-येऊन साडेतीन हजार किलोमीटरांच्या वर जाणार. त्यातला बर्फाचा रस्ता फार तर वीस."

"पण धोका त्या वीसमध्येच आहे ना! हेल्मेट काय सगळ्या प्रवासात लागतं? डोकं आपटतं त्या एका सेकंदाला लागतं."

याचं उत्तर मला जिना चढताना सुचलं: हेल्मेटमुळे बाकीचा प्रवास धोक्याचा होत नाही.

त्या दोन दिवसांत मी एका कागदावर तीन उभे रकाने आखले: रस्ता, विंटर टायर, आणि बारा महिने चालणारे ऑल-सीझन टायर. दोहा ते रियाध, वीस अंश, कोरडा रस्ता. रियाध ते हाईल, पाऊस शक्य. हाईल ते तबुक, सकाळी दोन अंश, दुपारी पंधरा. तबुक ते डोंगर, शून्य आणि खाली. विंटर टायर शेवटच्या ओळीत जिंकत होते, बाकी सगळीकडे हरत होते. ऑल-सीझन टायर कुठेच पहिले येत नव्हते, पण कुठे नापासही होत नव्हते. फक्त शेवटच्या ओळीत, घट्ट बर्फावर, त्यांच्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढलं होतं. आणि ती शेवटची ओळ म्हणजेच पुष्पावतीचा बर्फ. ऑल-सीझन घेतले तर सगळं वाळवंट ओलांडून नेमक्या त्या जागी थांबावं लागेल. विंटर घेतले तर ती जागा सोडून इतर हजारो किलोमीटर मी मनात धास्ती घेऊन गाडी चालवणार, आणि मागे नाही, शेजारी ती बसलेली असणार.

रविवारी आम्ही इंडस्ट्रियल एरियात, एशियन टाउनच्या मागच्या गल्लीत अबूबकरच्या दुकानात गेलो. अबूबकर कासरगोडचा, वीस वर्षं टायर बसवतोय. कुणालचे चार टायर मागच्या सीटवर आणि डिकीत होते. मी अजून ठरवलं नव्हतं.

"साब, स्नो टायर?" तो हसत मागे सरकला. "इधर लोग पूछता है टायर पिघलेगा क्या. आप पहला आदमी है जो पूछता है जमेगा क्या."

मी त्याला रस्ता सांगितला. तो गंभीर झाला. आत जाऊन त्याने एक ऑल-सीझन टायर लोळवत आणला. चार महिन्यांपूर्वीचा. उष्णता सोसण्याची श्रेणी ए. बाजूवर तोच डोंगर आणि हिमकण. मी नख दाबलं. रुतलं नाही, पण दगडासारखंही लागलं नाही.

"ये भी स्नो में चलेगा, थोड़ा," अबूबकर म्हणाला. "बरफ पक्का हो गया तो नहीं. वो आपका कॅनडावाला अच्छा. लेकिन उसको लेके हायवे पे एक सौ बीस में मैं नहीं जाएगा. मेरा बीवी को लेके तो बिलकुल नहीं. अब आप बोलो."

मी पुन्हा दोन्ही टायरांवर नख दाबून पाहिलं. जॅकवर गाडी चढवणारा माणूस हात पुसत उभा राहिला. अबूबकरने पुष्पावतीकडे पाहिलं. आमच्या घरात कोणाला विचारायचं ते दुकानदारांना लवकर कळतं.

"मॅडम, आप बोलो. कौनसा?"

तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. "ये बोलेंगे," ती म्हणाली, आणि समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसली.

दोन्हीतला कुठलाही निवडला तरी चूक ठरू शकतो, हे मला दिसत होतं. एरवी अशा वेळी मी अजून एक पुस्तक मागवतो.

"ऑल-सीझन," मी म्हणालो. "चारों. और अबूबकर, हवा मेरे सामने भरना."

काम होईपर्यंत मी खिशातली वही काढली आणि आयुष्यातला पहिला शेरा लिहिला. "बी. टिपेसह मंजूर." खाली टीप: "वर रस्त्यावर बर्फ घट्ट झालेला किंवा चकाकणारा दिसला तर गाडी पुढे न्यायची नाही. कितीही जवळ असलो तरी." परतताना गाडीत मी ते तिला वाचून दाखवलं.

"म्हणजे हयसून तिकडे जाऊन परत फिराचा?"

"तसाही होऊ शकता."

"थांबाचा आसात तर थांबया," ती म्हणाली. "पण आधी निघाक होया."

कुणालला फोन केला तेव्हा तो ओरडलाच. "काका! लग्नाला निघालात आणि नवरदेवाला घरी ठेवलं!" मी त्याची माफी मागितली. टायर मात्र त्याच्या पार्किंगमध्ये नेऊन ठेवले.

मंगळवारी पहाटेऐवजी साडेसातला निघालो, कारण मी हवा पुन्हा तपासली. अबू समरा, सीमा, मग होफूफ. मी शंभराच्या वर गेलो नाही. मागून येणारे दिवे दाखवत आणि हॉर्न देत निघून जात. पुष्पावती त्यांना मालवणीत उत्तरं देत होती, काचा बंद होत्या म्हणून बरं. रियाध सोडल्यावर दुसऱ्या दिवशी पावसाने गाठलं. वाळवंटातल्या पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि धूळ मिळून साबण होतो. पुढच्या ट्रकने एकदम ब्रेक लावला. मीही लावला. गाडी जराशी कुरकुरली आणि सरळ रेषेत थांबली, ट्रकपासून दोन हात मागे. कुणालच्या टायरांवरही थांबली असती का, मला माहीत नाही. पुष्पावतीने डॅशबोर्डवरचा हात काढला आणि मला एक लाडू दिला.

शुक्रवारी सकाळी नऊला आम्ही डोंगराच्या पायथ्याशी होतो. उजाड, तांबूस दगड, आणि वर, ढगांच्या खाली, पांढरी कड. खरंच पांढरी. पुष्पावतीने मांडीवरची पिशवी उघडून आत पाहिलं आणि बंद केली. पिशवीत दोन वाट्या, चमचा आणि कोकम सरबताची बाटली होती. वेंगुर्ल्याच्या बाजारात गोळेवाला असतो तसा गोळा तिला डोंगरावर करायचा होता. पाच वर्षं बाटल्या बदलत गेल्या, बेत तोच राहिला.

रस्ता वळणं घेत चढत होता. कडेला आधी पांढरे ठिपके आले. त्यांच्याकडे बघून ती टाळ्या वाजवू लागली, पण ते वाळूत मिसळलेलं, चिखलाळ काहीतरी होतं. मग एका वळणानंतर रस्ता सावलीत गेला. मी गाडी हळू केली.

पुढचा डांबरी रस्ता काचेसारखा चकाकत होता. आधीच्या गाड्यांनी बर्फ दाबून गुळगुळीत केला होता. डावीकडे कठडा नव्हता. दीड किलोमीटर वर पठार दिसत होतं. तिथे गाड्या, माणसं, रंगीत टोप्या. हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटावं इतकं जवळ.

मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झाला?" पुष्पावतीने विचारलं.

"टीप."

"सगळे जातत वर."

"जातत."

"आता हयसर येऊन?" तिचा आवाज चढला. "तुमी भियाल्यात काय?"

"होय," मी म्हणालो. ते खरंच होतं. "पण त्याच्यासाठी थांबलंय नाय. दुकानात लिवलला, त्याच्यासाठी थांबलंय."

आमच्या ऑफिसात बी शेरा पडला की कंत्राटदार मिठाई वाटायचा. टीप कोणीच वाचत नसे. दोन वर्षांनी छत गळायला लागलं की ती टीप शोधायला लोक माझ्याकडे येत, आणि मी ती बरोबर तारखेनिशी काढून देत असे. मी दाराचं कुलूप उघडलं. वारा सुरीसारखा आत आला.

"चलत जावया," मी म्हणालो.

"माझे ढोपर तुमच्या टायराच्या पुस्तकात नाय वाटता!" ती म्हणाली. पण उतरली. तिने साडीवर माझा जुना कोट घातला, डोक्याला शाल गुंडाळली, पिशवी खांद्याला लावली. आम्ही चकाकणारा भाग टाळून, डोंगराच्या बाजूने, खडीवरून निघालो.

पन्नास पावलांवर मागून एक पिकअप आला आणि शेजारी थांबला. आत एक तरुण, गळ्यात लाल चौकडीचा रुमाल. त्याने काच खाली केली.

"या हज्जी! पायी कशाला? बसा, यल्ला!" माझ्या तोडक्यामोडक्या अरबीने एवढं समजलं. त्याचं नाव जैद, तबुकचा. गाडी बिघडली का असं त्याने विचारलं.

पुष्पावतीने दाराच्या मुठीला हात लावलासुद्धा. आणि मी, ज्याने आयुष्यात कोणाचं आमंत्रण मोडलं नाही, मी वाकून त्याच्या पुढच्या टायरकडे पाहू लागलो. हिमकण नाही. खाचा झिजलेल्या. चार आकडे बोटाने पुसून वाचले. नऊ वर्षं.

"शुक्रन," मी म्हणालो. "नाही."

"माफी मुश्किल, हज्जी!" म्हणजे काही अडचण नाही.

"मुश्किल आहे," मी म्हणालो, आणि टायरकडे बोट दाखवलं. माझे कान तापले होते. कोणाच्या चांगुलपणाला असं बोट दाखवायचं असतं का? पण हात खाली आला नाही.

जैदने बाहेर वाकून स्वतःचा टायर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्याने हसला. जाताना त्याने पुष्पावतीच्या हातात खजुराचा डबा दिला. पिकअप वर गेला. न घसरता, सरळ पठारापर्यंत गेला. मी बघत होतो.

"गेलो तो," पुष्पावती म्हणाली.

"गेलो."

"आमीही गेलो असतो."

"बहुतेक," मी म्हणालो.

तिने एक खजूर माझ्या हातावर ठेवला आणि पुढे चालू लागली.

दीड किलोमीटरला आम्हाला एक तास लागला. ती चार वेळा दगडावर टेकली, मी दोन वेळा. दर वळणावर मला वाटत होतं की आता ती परत फिरूया म्हणेल आणि सगळा दोष माझ्या वहीवर येईल. ती म्हणाली नाही. शेवटच्या वळणाला रस्ता उन्हात आला, आणि पठाराच्या अलीकडेच, माणसांच्या गर्दीपासून दूर, गुडघाभर खोल पांढरा उतार लागला. त्यावर कोणाचंही पाऊल नव्हतं.

पुष्पावती उभी राहिली. मग हातमोजा काढून तिने बोट टेकवलं, जसं तापलेला तवा बघतात तसं. मग सगळा हात कोपरापर्यंत आत घातला आणि किंचाळली. एकसष्ट वर्षांची बाई. पठारावरची पोरं वळून बघायला लागली.

तिने वरचा थर बाजूला करून आतला स्वच्छ बर्फ दोन वाट्यांत दाबून भरला. बोटं लाल झाली होती, पण मला हात लावू देईना. बाटलीचं झाकण दातांनी उघडलं आणि वरून कोकम ओतलं. पांढऱ्यात तो रंग हळूहळू खाली उतरत गेला. पहिली वाटी तिने माझ्यापुढे धरली.

मी एक चमचा खाल्ला. दात सणकले.

"कसो झालो?" तिने विचारलं.

उत्तर नेहमीप्रमाणे ओठांवर आलं होतं. मी ते बर्फासोबत गिळलं आणि अजून एक चमचा खाऊन पाहिला.

"गोड जास्त झालो," मी म्हणालो. "मीठ होया."

तिने चमचा हवेतच धरला. माझ्याकडे बघत राहिली. मग कोटाच्या खिशात हात घालून तिने घरून बांधून आणलेली कागदाची एक छोटी पुडी काढली, माझ्या वाटीवर चिमूटभर मीठ टाकलं, थोडं आपल्या वाटीवर टाकलं, आणि खायला लागली.